साडेबारा भाजीवाल्या आणि एक मोटार

मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना राग यायचा आहे त्यांना तो पहिल्याच परिच्छेदात येईल आणि पुढचं शांतपणे वाचता येईल! आमच्या वसई-विरारमधलं सर्वात मोठं अतिक्रमण फेरीवाल्यांचं नाही. ते रस्त्याच्या कडेला दिवसरात्र फुकट उभ्या असणाऱ्या मोटारींचं आहे. त्या जागेचं भाडं घेतलं पाहिजे आणि रस्त्याची कडा चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना परत दिली पाहिजे. आमच्या घरात हे मत अजून कोणालाही पटलेलं नाही. नातेवाईकांत तर त्याहून नाही, कारण आता बहुतेकांकडे गाड्या आहेत.

वसईत कोणाच्याही घरी चहाला गेलं की दहा मिनिटांत विषय ट्रॅफिकवर येतो, आणि ट्रॅफिकचा विषय निघाला की लोक ताबडतोब हायवेवर पोचतात. साहजिक आहे. २०२४ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर काँक्रीटचा थर द्यायचं काम सुरू झालं तेव्हापासून घोडबंदर ते वसई फाटा या टप्प्यात लोकांनी तासन्‌तास काढले आहेत. ३१ जुलै २०२५ रोजी पालघरहून मुंबईला उपचारासाठी नेत असलेल्या एका जखमी महिलेची रुग्णवाहिका याच कोंडीत अडकली आणि ती वाचली नाही. त्यावर पुष्कळ लिहून आलं, यायलाच हवं होतं. उपायही पुष्कळ झाले. वर्सोव्याचा नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला. वसई-भाईंदर रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ पासून गाड्या घेऊन खाडी ओलांडते. रेल्वेवरच्या नव्या उड्डाणपुलांच्या घोषणा आम्ही इतकी वर्षं ऐकतो आहोत की उमेळमान, आचोळे, अलकापुरी, विराटनगर ही नावं मला पाढ्यांसारखी पाठ झाली आहेत.

पण हे सगळं गाड्या आत आणण्यासाठी. आत आल्यावर त्या उभ्या कुठे राहणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या आमच्या गल्लीत उभ्या राहतात.

आमच्या बाजाराच्या रस्त्यावर अधूनमधून अतिक्रमण हटवणारी गाडी येते. ती आली की पाट्या, टोपल्या, छत्र्या सगळं पाच मिनिटांत गायब होतं. गावातून अळूच्या जुड्या, केळी, वालाच्या शेंगा घेऊन येणाऱ्या बायका धावत एखाद्या जिन्याखाली शिरतात. जिची टोपली सापडली तिची ती गेली. हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि दर वेळी माझी नजर त्या टोपलीच्या शेजारी उभ्या असलेल्या चारचाकीकडे जाते. टोपली रस्त्यात होती म्हणून उचलली. चारचाकीसुद्धा रस्त्यातच होती. मालक वर घरात जेवत होते.

फेरीवाल्यांचा मला त्रास होत नाही असं मुळीच नाही. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या माणसाला टोपल्यांतून वाट काढणं कठीण जातं. पण कायद्याने त्यांच्यावर किती बंधनं घातली आहेत ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात घालून दिलं की एकाला जागा १ मीटर बाय १ मीटर. रेल्वे स्टेशनपासून आणि मंडईपासून १५० मीटरच्या आत बसायचं नाही. शाळा, इस्पितळ, देऊळ यांच्यापासून १०० मीटरच्या आत नाही. पुढे २०१४ साली पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आला. त्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, फी आणि ते सगळं ठरवायला समिती. एक चौरस मीटरसाठी एवढं सगळं! हरकत नाही, शिस्त हवीच.

आता मोटारीचा हिशोब करू. एका मोटारीला उभं राहायला ढोबळमानाने अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. म्हणजे साडेबारा भाजीवाल्या. (अर्धी म्हणजे फक्त लिंबं-मिरच्या विकणारी समजा.) तिला सर्वेक्षण नाही, प्रमाणपत्र नाही, फी नाही. स्टेशनपासून किती मीटर, शाळेच्या फाटकापासून किती मीटर, कोणी टेप घेऊन येत नाही. सम-विषम तारखांच्या पाट्या काही रस्त्यांवर लागलेल्या आहेत, पण तारीख बदलली म्हणून मध्यरात्री गाडी हलवायला उतरलेला एकही गृहस्थ मी पाहिलेला नाही.

माझं माहेर पुण्याचं. पुणे तेव्हा सायकलींचं शहर होतं, आणि त्या सायकलींना कर होता हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. माझे वडील दरवर्षी महानगरपालिकेचा कर भरून पत्र्याचा बिल्ला आणायचे आणि सायकलला अडकवायचे. बिल्ला नसेल तर पकडत. संध्याकाळी दिवा नसेल तर पकडत. डबलसीट तर हमखास पकडत. कारकुनाच्या पगारात सहा माणसांचं घर चालवणारा माणूस वीस किलोच्या सायकलसाठी कर भरत होता, आणि आज दीड टन वजनाची गाडी सार्वजनिक रस्त्यावर वर्षभर फुकट राहते. हे कधी आणि कसं ठरलं? कुठल्या सभेत ठराव झाला? कुठल्याच नाही. नुसतं होत गेलं.

लग्न होऊन वसईत आले तेव्हा मी सायकल घेऊनच आले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण शाळेची नोकरी लागली आणि माणिकपूरहून रोज जायचं तर दुसरं साधन नव्हतं. एस.टी. होती, ती तिच्या सवडीने यायची. गास, भुईगाव, निर्मळ, गिरीज, कुठूनकुठून मुलं सायकलने शाळेत यायची. मास्तर सायकलवर, पाववाला सायकलवर, स्टेशनला जाणारे चाकरमाने सायकलवर. रस्ते आजच्यापेक्षा अरुंद होते. दोन्ही बाजूंना वाड्या, मध्येच एखादं बावखल, वरून माडांची सावली. पण अरुंद रस्त्याची कडा मोकळी होती आणि सायकल कडेनेच चालते. आता रस्ते तेव्हापेक्षा रुंद झाले आणि रुंद झालेला सगळा भाग उभ्या गाड्यांनी घेतला. मग सायकलवाल्याला दोनच वाटा राहतात. एक, गाड्यांच्या रांगेला चिकटून जायचं आणि कोण कधी दार उघडेल या भीतीत राहायचं. दुसरी, मध्ये जायचं आणि मागून टँकरचा हॉर्न ऐकायचा.

तरीही सायकली संपलेल्या नाहीत बरं का! पहाटे बघा. वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत जाणारे कामगार, वॉचमन, पेपर टाकणारी मुलं, पाववाले. (रविवारी हेल्मेट घालून अर्नाळ्याला जाणारी तरुण मंडळीही असतात. त्यांचं कौतुक आहे, पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. ती सोमवारी गाडीने जातात.) या पहाटेच्या लोकांना कोणी विचारत नाही. त्यांची गणना होत नाही, त्यांची संघटना नाही. आणि शाळेच्या मुलांच्या सायकली तर जवळजवळ बंदच झाल्या, कारण कुठलाही शहाणा बाप आठवीतल्या मुलीला आज अंबाडी रोडवर सायकल घेऊन सोडणार नाही. तो तिला स्कूटरवर सोडतो. म्हणजे एक स्कूटर वाढली. ती शाळेच्या दारात उभी राहते, तिच्यामुळे दुसऱ्याची मुलगी सायकलवर येऊ शकत नाही, म्हणून दुसरी स्कूटर!

सायकलसाठी वेगळा मार्ग करा असं कोणी म्हटलं की मला धास्तीच वाटते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास सायकलमार्ग झाला. रंगवला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, आणि २०२५ मध्ये तो काढून मोटारींसाठी रस्ता वाढवायचं ठरलं. आम्हाला रंगवलेला मार्ग नको. फक्त कडा मोकळी करून द्या.

आता मला खरोखर ज्या कारणाने हे लिहावंसं वाटलं ते सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्यांना रात्री अकराला छातीत दुखायला लागलं. माझ्याहून चार वर्षांनी मोठे. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली, गल्लीच्या तोंडाशी. आत येईना. दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये रिक्षा कशीबशी जाईल एवढी फट. एका गाडीवर मालकाचा फोन नंबर होता, तो लागेना. शेवटी चार मुलांनी त्यांना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसवलं आणि पावसात छत्र्या धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. ते वाचले, आज संध्याकाळी खाली बाकावर बसलेले दिसले मला. पण त्यांच्या पत्नी त्या रात्रीपासून नीट झोपत नाहीत. मध्येच उठून खिडकीतून गल्ली बघतात, किती जागा आहे म्हणून. अग्निशमनची गाडी यायची वेळ आली तर काय, हे आम्ही कोणी मोठ्याने बोलत नाही.

याबद्दल एका कार्यालयात अर्ज दिला. पोचपावती मिळाली, तीही मागून घ्यावी लागली. पुढे काही नाही.

यावर लोक मला काय म्हणतात तेही सांगायला हवं. माझा भाचा म्हणतो, “मावशी, तू गाडी चालवत नाहीस म्हणून बोलतेस. आम्ही रोड टॅक्स भरतो.” भरतोस, बाबा. पण तो मोटार वाहन कर राज्य सरकारला जातो, महानगरपालिकेला नाही. आणि तो वाहन रस्त्यावर वापरण्याचा आहे, रस्त्यावर ठेवण्याचा नाही. एस.टी.चं तिकीट काढलं म्हणून कोणी गाडीत बिऱ्हाड थाटत नाही. मग त्याचा दुसरा मुद्दा येतो: “मग काय गाडी डोक्यावर ठेवू?” हा मुद्दा मात्र खरा आहे. बिल्डिंगमध्ये जागा नाही. का नाही? कारण नकाशात खाली पार्किंग दाखवतात आणि प्रत्यक्षात काही ठिकाणी तिथे गाळे निघतात, काही ठिकाणी बिल्डर ती जागा वेगळे पैसे घेऊन विकतो. ज्याने पैसे मोजले नाहीत तो रस्त्यावर. खरं म्हणजे हा प्रश्न २०१० मध्येच सुटायला हवा होता. खाडीपलीकडे दहिसरच्या पांचाली सोसायटीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इमारतीखालच्या पंचवीस जागा बिल्डर स्वतःच्या म्हणत होता. न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की खांबांमधली ती जागा सामाईक आहे, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. निकाल लागून पंधरा वर्षं उलटली. किती सोसायट्यांनी तो वाचला?

तिसरा मुद्दा सगळ्यात बिनतोड: गाडी नाही घ्यायची तर जायचं कशाने? विरार लोकलमध्ये म्हाताऱ्या आईला चढवून बघा म्हणावं. बस वेळेवर नाही, शेअर रिक्षात चौथा पुढे लोंबकळतो. हे सगळं मान्य. म्हणूनच मी गाडी घेऊ नका असं म्हणत नाही. आजारी माणसाची गाडी, अपंगाची गाडी, सामान उतरवणारा टेम्पो, यांना जागा मिळालीच पाहिजे, आणि आज ती मिळत नाही ती कोणामुळे? आमच्या गल्लीत चार गाड्या कव्हर घालून उभ्या आहेत. एका कव्हरवर पिंपळाचं रोपटं उगवलं आहे! माझा एक जुना विद्यार्थी रिक्षा चालवतो, तो परवा म्हणाला, “बाई, आम्ही स्टँडच्या बाहेर एक चाक काढलं तर चलान येतं. ती गाडी बघा, मागच्या गणपतीपासून तिथेच आहे. तिचं विसर्जन कधी?”

अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या नातीने मला डोनाल्ड शूप या प्राध्यापकांबद्दल सांगितलं. ते २०२५ मध्ये वारले. त्यांनी २००५ साली फुकट पार्किंगच्या खऱ्या किमतीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. रस्त्याकडेच्या जागेचं भाडं एवढं ठेवा की प्रत्येक रस्त्यावर एखाददुसरी जागा नेहमी रिकामी मिळेल, आणि जमलेले पैसे त्याच रस्त्यावर खर्च करा. दुकानदार विरोध करतात, गिऱ्हाईक जाईल म्हणून. पण आज गिऱ्हाइकाला जागा मिळते कुठे? सकाळी दहाला दुकानदार स्वतःच स्वतःच्या गाड्या दुकानापुढे लावतात, त्या रात्री नऊला हलतात. आपल्याच केंद्र सरकारच्या २००६ च्या शहरी वाहतूक धोरणातही लिहिलेलं आहे की रस्ता माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहे, वाहनांच्या नव्हे, आणि पार्किंगचं शुल्क जमिनीची किंमत लक्षात घेऊन ठरवावं. वीस वर्षं झाली.

आमच्या माहेरच्या पुण्याने हे करून बघायचं धाडस दाखवलं होतं. मार्च २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेत पार्किंग धोरण मंजूर झालं. आरडाओरडा झाला, मग प्रयोग म्हणून पाच रस्त्यांवर आणू म्हणाले, आणि पुढे कित्येक वर्षं ते कागदावरच राहिलं. मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं की पार्किंगची जागा असल्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे, घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवावी लागते आणि पोलीस ती तपासतात. आपल्याकडे हे कसं चालेल याची मला शंका आहे. एकाच जागेवर पाच जणांचे दाखले निघतील. शिवाय आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांचं काय? त्यापेक्षा भाडं बरं. गाडी समोर उभी दिसते, पावती काचेवर आहे की नाही तेही दिसतं.

हे ठरवायचं कोणी? आमची महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी झाली, वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून. (गावांना यायचं नव्हतं. तो वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.) २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती, आता किती असेल ते संध्याकाळी स्टेशनवर उभं राहून ताडा. जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत साडेपाच वर्षं प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात दारातल्या रस्त्याबद्दल कोणाला विचारावं हेच कळत नव्हतं. २००७ मध्ये मंजूर झालेला विकास आराखडा २०२१ पर्यंतचा होता, तीही मुदत उलटली. आरक्षणाचं आमच्याकडे काय होतं ते सगळ्यांनी नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत पाहिलंच. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी घरं घेतली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या सगळ्या पाडल्या. तेव्हा वाहनतळासाठी भूखंड राखू, मग बांधू, मग गाड्या हलवू, हे उत्तर आता कोणी देऊ नये. एवढा वेळ आमच्या पिढीकडे नाही.

आता निवडून आलेले नगरसेवक आहेत. आमच्या प्रभागाच्या चौघांनाही मी पत्र लिहिलं आहे. मागणी एकाच रस्त्याची केली आहे. स्टेशनपासून माणिकपूर, बाभोळा करत वसईगावात पारनाक्याकडे जाणारा रस्ता घ्या. सहा महिने प्रयोग करा. एका बाजूला गाडी उभी करायची नाही, ती बाजू चालणाऱ्यांना आणि सायकलींना. दुसऱ्या बाजूला तासाप्रमाणे पैसे, पहिली पंधरा मिनिटं फुकट, अपंगांच्या वाहनांना माफी. जमलेला पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर. भाजीवाल्यांना त्यातच एक-एक मीटरच्या चौकटी आखून द्या आणि त्यांच्याकडूनही फी घ्या, त्या आनंदाने देतील. गल्ल्यांसाठी एवढंच, की रुग्णवाहिका जाईल एवढी पट्टी रंगवा आणि तिच्यात जी गाडी उभी असेल ती उचला, मग ती कोणाचीही असो. इथे ‘कोणाचीही’ हा शब्द मी पत्रात अधोरेखित केला आहे. मास्तरकीची सवय.

दोघांकडून अजून उत्तर नाही. एकीने फोन केला आणि ‘काकू, लेखी आकडे असतील तर सभेत बोलायला बरं पडेल’ म्हणाली. मला ते आवडलं. पदपथ निदान १.८ मीटर मोकळा असावा असं भारतीय रस्ते परिषदेचं मानक आहे, तेव्हा आधी आमच्याकडे तो किती उरला आहे ते मोजू. शिवणाची टेप पुरणार नाही म्हणून सुताराकडून पंधरा फुटी मोजपट्टी आणली आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता माणिकपूर नाक्यापासून सुरुवात करणार. शेजारच्या दोन कॉलेजच्या मुली लिहून घ्यायला येणार आहेत. वसईतल्या वाचकांपैकी कोणाला यायचं असेल त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत मला फोन करावा. भाच्यालाही बोलावलं आहे. गाडी कुठे लावू विचारत होता, त्याला म्हटलं लोकलने ये.